लुगड्याचा गाऊन

वाकोल्यात पिठाच्या गिरणीला लागून वनमाला तळेकरचं शिवणाचं दुकान होतं. दुकान म्हणायचं आपलं. राहत्या खोलीची पुढची बाजू पत्रा टाकून वाढवली होती. तिथे पायाचं मशीन, कापायचं टेबल आणि भिंतीला एक उभा आरसा, एवढ्यावर सगळा कारभार. पाटी मात्र झोकात होती. 'वनमाला लेडीज टेलर' एवढंच लिहायला सांगितलेलं असताना रंगाऱ्याने खाली स्वतःच्या अकलेने 'वेडिंग गाऊन स्पेशालिस्ट' असं ठोकून दिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. कालिना, कोलेकल्याण, सांताक्रूझ इथल्या ख्रिस्ती मुलींचे लग्नाचे गाऊन वनमालाच्या टेबलावरून जात. शेजारची गिरणी सुरू झाली की पीठ उडायचं, आणि पांढऱ्या कापडावरचं पांढरं पीठ झटकण्यात तिचा अर्धा जन्म गेला.

आता मालवणाकडच्या बाईने, जिच्या घराण्यात कुणी चर्चची पायरी चढलं नव्हतं, हे काम का धरावं? धरलं नव्हतंच. लग्न होऊन वाकोल्यात आली तेव्हा तिला परकर-पोलकं आणि गोधडी एवढंच येत होतं. कालिन्याला मिस डोरथी नावाच्या एक म्हाताऱ्या शिंपीणबाई होत्या, त्यांच्याकडे ती काज-बटण करायला जाऊ लागली. डोरथीबाई भलत्या तापट. टाका वाकडा दिसला की लाकडी पट्टी बोटांवर बसायची. पण त्यांच्या हाताखाली वनमाला घेर कापायला शिकली, जाळीची बाही फुगवायला शिकली, पाठीवर वाटाण्याएवढ्या बटणांची रांग लावायला शिकली. डोरथीबाईंची नजर गेली तेव्हा त्यांनी आपली कात्री वनमालाच्या हाती दिली आणि गिऱ्हाइकांना सांगितलं की आता हिच्याकडे जा, हिचा हात माझाच आहे.

पहिला गाऊन एकटीने शिवला तेव्हा मात्र वनमाला अडखळली होती. नवरीने पांढरं घालायचं? तिच्या गावात पांढरं कुणाच्या अंगावर चढतं ते तिने पाहिलेलं होतं. पोरीचं बरं व्हावं म्हणून तिने घेराच्या आतल्या दुमडीत, कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी, हळदीकुंकवाचं बोट टेकवलं. नवीन कापडाच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावल्याशिवाय ते अंगाला लावायचं नाही, ही तिच्या आईची शिस्त होती. मग ती सवयच झाली. कोलेकल्याणच्या कितीतरी नवऱ्या घेरात वनमालाचं हळदकुंकू घेऊन फादरसमोर उभ्या राहिल्या, आणि कुणाला पत्ता नाही. ही चोरी तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती. आपण दुसऱ्याच्या देवळात काहीतरी लपवून आत पाठवतो, हे तिच्या मनाला खात असे, पण बोट काही थांबत नसे.

नवरा दशरथ. लालबागच्या एका गिरणीत तो लूमवर होता. बोलका, हसरा, कापडाचा दर्दी माणूस. रस्त्याने चालताना समोरच्याच्या सदऱ्याचं कापड बोटांनी बघण्याची त्याला खोड होती, आणि त्यावरून दोनदा मार खाता खाता वाचला होता. मग संप झाला. गिरणी बंद पडली ती पडलीच. जोगेश्वरीला धान्याच्या गोदामात गोणी शिवायचं काम मिळालं आणि दशरथने ते मुकाट धरलं. पण त्या दिवसापासून त्याने कापडाला हात लावला नाही. दुकानातून आत जाताना टेबलावर काहीही पसरलेलं असो, हा हात मागे बांधून जायचा. वनमालाला ते दिसायचं.

संपाला तीनेक वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. दिवाळीच्या आधी ज्युडिथ मिरांडा दुकानात आली. कोलेकल्याणच्या गावठाणातली मुलगी, विमानतळाजवळच्या एका ऑफिसात टायपिस्ट. आई लहानपणीच गेलेली, आजीने वाढवलेली. जानेवारीत लग्न होतं. नवरा मुलगा मालाडचा, नोकरी बहारीनला. त्याने तिकडून पांढरं सॅटिन पाठवलं होतं, पाण्यासारखं हातातून निसटणारं. बरोबर आजीही आली होती. आपोलिनआजी. ठेंगणी, काटक, अंगावर रोजचं चौकड्याचं लुगडं, कानात सोन्याची जड कर्णफुलं आणि हातात जुन्या चादरीत बांधलेलं एक गाठोडं.

ज्युडिथचं म्हणणं सरळ होतं. ऑफिसात सगळे तिला विचारायचे, तू गोव्याची का? ती सांगून थकली होती की आम्ही इथलेच, विमानतळाच्या जागी भाताची खाचरं होती तेव्हापासूनचे, घरात मराठी बोलणारे. लग्नात सासूबाईंची हौस म्हणून पांढरा गाऊन तर हवाच होता, पण चर्चच्या दारातून आत येताना मागच्या बाकावरच्या माणसालाही कळायला हवं होतं की ही पोर कुणाची. म्हणून गाऊनमध्ये आजीचं लग्नातलं लुगडं घालायचं. तिने मासिकातून फाडलेलं एका परदेशी नवरीचं चित्र आणलं होतं. मागे लोळणारा घोळ आजीच्या पदराचा करायचा, काठ कापून छातीवर लावायचा. त्यासाठी लुगडं कापावं लागेल, हे तिला माहीत होतं.

आजीने स्टुलावर बसून गाठोडं सोडलं आणि वनमाला बघतच राहिली. गर्द लाल रेशीम, त्यात बारीक चौकड्या, आणि चार बोटं रुंद जरीचा काठ. काळाने जरीचा झगझगाट उतरवला होता आणि मागे राहिली होती ती नुसती ऊब. वनमालाने आजवर किती सॅटिन, किती लेस हाताळली होती, पण असं कापड तिच्या टेबलावर आलं नव्हतं. तिने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"काप गं बाय," आपोलिनआजी म्हणाली. "लुगरं हाय, पेटीत ठेवून काय कराचं?"

म्हणाली खरी, पण म्हणताना तिचा हात लुगड्यावरून उठला नव्हता. ज्युडिथचं माप घेऊन होईपर्यंत तो हात तिथेच होता. निघताना तिने तो उचलला आणि मागे न बघता पायरी उतरली.

दुसऱ्या दिवशी वनमालाने टेबल पुसून घेतलं, लुगडं पसरलं, खडू घेतला. कात्री लावण्याआधी हळदकुंकवाची वाटी घेऊन ती पदराच्या टोकाशी गेली. कोपरा उलटा केला आणि तिचं बोट हवेतच राहिलं. तिथे आधीच एक डाग होता. पिवळा, विटलेला, बोटाच्या पेराएवढा, आणि त्याच्या मध्यावर लालसर ठिपका. वनमालाने तो उजेडात धरला, नखाने हलकेच खरवडला, नाकाशी नेला. शंकाच नको. ज्या जागी ती चोरून बोट लावणार होती, नेमक्या त्याच जागी कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वी लावून ठेवलं होतं.  कात्री तिने तशीच खाली ठेवली.

रविवारी ती कोलेकल्याणला गेली. ज्युडिथ चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेली होती, आजी एकटीच अंगणात वालपापडी सोलत बसली होती. वनमालाने डागाचं विचारलं. आजीला त्यात नवल काहीच वाटलं नाही. लग्नात सासूने लावला होता. तिच्या लुगड्याला तिच्या सासूने लावला असेल. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत जाऊन विहिरीवरून नवरीच्या आंघोळीला 'उंबराचं पाणी' आणतात, हळद लावतात, तशीच ही एक रीत. वनमालाने चाचरत विचारलं की फादरना चालतं का हे. आजी हसली. म्हणाली, फादर कधी काही विचारत नाहीत, आणि आपण कधी काही सांगत नाही.

वनमालाने आपली चोरी त्या अंगणात पहिल्यांदा कबूल केली. म्हाताऱ्या बाईने शेंगा बाजूला ठेवल्या आणि तिच्याकडे नीट पाहिलं. मग उठून तिचा हात धरून तिला आत नेलं. लग्नातलं आणखी काही दाखवायचं म्हणून तिने पलंगाखालची लाकडी पेटी ओढली आणि झाकण उघडलं. आत सगळं रचून ठेवलेलं होतं. नव्या कोऱ्या पांढऱ्या मोज्यांची जोडी, मेणबत्त्या, जपमाळ, छोटा क्रूस, पावडरचा डबा, एक घडी न मोडलेला टॉवेल. आणि बरोबर मधोमध एक रिकामी जागा. तळाचा कागद सगळीकडे पिवळा पडला होता. त्या जागी मात्र लुगड्याच्या घडीएवढा चौकोन पांढरा राहिला होता.

"हे काय, आजी?"

"मी जाईन तवाचं सामान," आजी म्हणाली. बाजारात न्यायची पिशवी दाखवावी तितक्या सहज.

 वनमालाच्या गावाकडे मरणाचं नाव काढलं तरी माणसं जिभा चावायची, आणि इथे ही बाई नवरीची पेटी भरावी तशी आपली पेटी भरून, कडी लावून, त्यावर रोज रात्री निवांत झोपत होती. लग्नातलं लुगडं नेसून आली तशीच ते नेसून जाणार, एवढाच तिचा हिशेब. आणि तेवढं एकच तिने मागितल्यावर काढून दिलं होतं.

"मग द्यायचं कशाला?" वनमालाने विचारलं.

"पोरीने मागितलं. देताना हात आखडाचा नाय." मग पेटीकडे बघत, "मना काय, चादरीत गुंडाळतील. तू पोरीला बोलू नको हां."

वनमालाने त्या क्षणी जे शब्द दिले, ते कोणत्याही शहाण्या शिंपिणीने दिले नसते. ती म्हणाली, "मी याला कात्री लावणार नाही. हे तिच्या अंगावरही जाईल आणि परत या पेटीतही येईल." एक लुगडं दोघींना कसं पुरणार, असं आजीने विचारलं. ते वनमालालाही माहीत नव्हतं.

घरी आल्यावर तिने मासिकातलं ते चित्र बाजूला सारलं आणि लुगडं अंगाभोवती धरून आरशासमोर उभी राहिली. बरेच दिवस ती तशी उभी राहत होती. शेवटी सुचलं ते असं. सॅटिनचा गाऊन अगदी साधा ठेवायचा, लेस नाही, मोती नाहीत. त्यावर कंबरेपासून लुगड्याचा दुसरा घेर, पुढून उघडा. सगळी नऊवार लांबी निऱ्यांमध्ये बसवायची, म्हणजे कापायला नको. खालचा काठ घेराभोवती फिरून पुढे दोन्ही बाजूंना पायाशी येईल. पदर डाव्या खांद्यावरून मागे सोडायचा, तोच लोळता घोळ. पुढून पाहिलं तर पांढरी नवरी, वळली की लाल. वनमालाने टाचण्या लावून ते उभं केलं आणि स्वतःच दोन पावलं मागे सरली. आपल्या हातून हे झालं यावर तिचा विश्वास बसेना.

पण टाचण्यांवर लग्न होत नाही. मशीनची पक्की शिवण घातली तर उसवताना एकेक टाका ब्लेडने तोडावा लागणार, आणि जुनं रेशीम त्यात वाचणार नाही. म्हणून तिने हाताने कच्चा दोरा घातला. ज्युडिथ अंगावर घालून बघायला आली, आरशासमोर उभी राहिली आणि तिने तोंडावर हात ठेवला. डोळे भरून आले तिचे. मग ती पाठ बघायला वळली, आणि लुगड्याच्या वजनाने दोरा कट्कन तुटला. निऱ्या घसरत गेल्या आणि सगळं रेशीम तिच्या पायाशी ढीग होऊन पडलं.

"वाट लागली, आंटी," ज्युडिथ म्हणाली. "मशीनवर पक्कं मारा ना. एवढं जपताय कशाला? कापलेलंच तर आहे."

कापलेलं नाही हे सांगायची वनमालाला सोय नव्हती. चर्चमध्ये, साऱ्या गावासमोर हे असं झालं तर? पक्कं शिवलं तर आजीचं लुगडं गेलं, कच्चं शिवलं तर पोरीची अब्रू गेली. ज्युडिथ गेल्यावर ती तो ढीग मांडीवर घेऊन जमिनीवरच बसली. संध्याकाळी दशरथ कामावरून आला तेव्हाही ती तशीच होती. त्याने काय झालं विचारलं आणि तिने, पहिल्यांदाच, सगळं सांगून टाकलं. पेटी, पांढरा चौकोन, दिलेला शब्द.

 दशरथने मागे बांधलेले हात सोडले, खाली बसला आणि लुगड्याचा काठ दोन बोटांत धरला. तीन वर्षांनी. त्याची बोटं काठावरून सावकाश फिरत गेली, ताण्यावरून बाण्यावर, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हातमागाचा आसा, तो म्हणाला. वनमाला त्याच्याकडे बघत राहिली. एवढ्या दिवसांनी घरात कुणी परत आल्यासारखं तिला वाटलं.

"अगो, गोणयेची शिवण कधी बघलंस?" त्याने विचारलं. "शंभर किलो तांदूळ धरून रवता. पण बरोब्बर टोक गावला आणि वढला, तर एका झटक्यात सगळी सुटता. दुसऱ्या टोकान वढ, जल्माक सुटाची नाय."

गोणीचं तोंड उघडताना दोरा सर्रकन सुटत जातो, हे वनमालाने रेशनच्या दुकानात शेकडो वेळा पाहिलं होतं. नुसतं पाहिलं होतं. ती साखळी असते, एका दोऱ्याची, प्रत्येक टाका मागच्याच्या गळ्यात अडकलेला, हे दशरथने तिला सुतळी घेऊन करून दाखवलं. गल्लीच्या टोकाला जरीकाम करणारे कारागीर बसत, त्यांच्याकडून तिने आकड्याची बारीक सुई आणली. ती रेशमाच्या तंतूंमधून वाट काढत जाते, तंतू तोडत नाही. लाल रेशमी दोरा घेतला. दशरथ रोज कामावरून आला की हात धुऊन समोर बसायचा, ताण धरायचा, टाका सैल पडला तर सांगायचा. नवरा-बायको एका कापडाच्या दोन बाजूंना बसून काम करत होते आणि मधूनच तो गिरणीतली एखादी जुनी गंमत सांगायचा. गोणीची शिवण आणि नवरीचा गाऊन. वनमालाला त्याचं हसूही यायचं आणि भरूनही यायचं.

शेवटचं टोक तिने डाव्या कंबरेला, आतल्या एका छोट्या बटणाला गुंडाळलं. मग पदराचा कोपरा उलटा करून, त्या विटलेल्या डागाच्या शेजारी, आपलं हळदकुंकवाचं बोट टेकवलं. या वेळी तिला चोरी वाटली नाही. गाऊन पोचवायला गेली तेव्हा आजीला एकटीला गाठून तिने ते बटण आणि ओढायचं टोक दाखवलं. आजीने दोऱ्याच्या टोकाला हात लावला नाही, नुसती मान डोलावली.

लग्नाला वनमाला आणि दशरथ दोघं गेले. इतके गाऊन शिवले, पण चर्चमध्ये गाऊन चालताना तिने कधी पाहिला नव्हता. पोचवायचा आणि दारातूनच परत फिरायचं, असा तिचा शिरस्ता. आज आजीचा हुकूमच होता. दोघं मागच्या बाकावर अंग चोरून बसले. ऑर्गन सुरू झाला, सगळे उठले, आणि ज्युडिथ दारातून आत आली.

आधी नुसती कुजबूज झाली. मग गावठाणातल्या म्हाताऱ्या बायका, ज्या स्वतः लुगडी नेसून एका बाजूला बसल्या होत्या, त्या एकेक करून गप्प झाल्या. पांढऱ्या गाऊनच्या दोन्ही बाजूंनी जरीचे काठ चालत होते. ती पुढे गेली आणि पाठ दिसली. सगळा लाल पदर फरशीवरून सावकाश सरकत गेला, उंच खिडक्यांमधून येणाऱ्या उन्हात चौकडीन् चौकडी दिसत होती. एका म्हातारीने छातीवर क्रुसाची खूण केली. वनमालाला आपला श्वास ऐकू येत होता. हे आपण शिवलं हे ती विसरूनच गेली. विणकर कोण, सासू कोण, डोरथीबाई, गोदामातल्या गोणी, या सगळ्यांना एका पोरीने अंगावर घेऊन देवासमोर नेलं, असं काहीतरी तिच्या मनात येत होतं आणि तिला ते नीट धरता येत नव्हतं. दशरथ बाकाच्या पाठीला घट्ट धरून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. त्याला विचारलं असतं तर तो टाके तपासत होता असंच म्हणाला असता.

आणि मग त्यालाच ते दिसलं. गुडघे टेकून उठताना बटणावरचा दोरा सुटला होता. डाव्या कंबरेखाली वीतभर लाल दोरा लोंबत होता. दशरथने वनमालाच्या दंडाला चिमटा काढला. आता कपड्यावर दोरा लोंबताना दिसला की माणूस काय करतो? ओढतो. पहिल्या बाकावर नवऱ्या मुलाची आई बसली होती, टापटिपीची बाई. तिची नजर दोऱ्यावर गेली, आणि सुनेचा गाऊन नीटनेटका करावा म्हणून तिने मायेने पुढे वाकून हात लांबवला. वनमाला अर्धी उभी राहिली. तेवढ्या लांबून ती काय करणार होती?

शेजारच्या आपोलिनआजीने तो हात वरच्या वर पकडला. पकडला आणि आपल्या मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरून ठेवला. विहीणबाई चमकल्या, मग त्यांना गहिवरून आलं. त्यांनीही आजीचा हात दाबला. मिस्साची सगळी प्रार्थना संपेपर्यंत आजीने तो हात सोडला नाही, आणि मालाडला पुढे कित्येक दिवस त्या प्रेमळ म्हातारीचं कौतुक चाललं होतं. बाहेर पडताना गर्दीत वनमालाने नवरीला अभिनंदनाची मिठी मारली आणि मिठीतल्या मिठीत दोरा परत बटणाला गुंडाळून टाकला.

त्यानंतर दोन वर्षं गेली. गणपती विसर्जन होऊन आठवडा झाला असेल. सकाळी दुकानाशी रिक्षा थांबली आणि ज्युडिथ उतरली. हातात चादरीत गुंडाळलेला गाऊन होता. ती आत येऊन स्टुलावर बसली, आजी ज्यावर बसली होती त्याच.

आजी पहाटे झोपेतच गेली होती. शेजारच्या बायकांनी पेटी उघडली, तर सगळं जागच्या जागी, फक्त लुगडं नाही. त्यांनी विचारलं, लुगडं कुठे गेलं, ती तर यासाठीच ठेवणार म्हणाली होती. ज्युडिथला हे आयुष्यात पहिल्यांदा कळलं होतं. ती रडत नव्हती, आणि ते बघवत नव्हतं.

"मला माहीतच नव्हतं, आंटी," ती म्हणाली. "मी कापायला लावलं ना ते. आता जेवढं निघेल तेवढं काढून द्या. तुकडे असले तरी चालतील, मी तिच्या अंगावर टाकेन."

"तुकडे नाहीत गं," वनमाला म्हणाली.

तिने गाऊन टेबलावर पसरला, डाव्या कंबरेचं बटण शोधलं, दोऱ्याचं टोक सोडवलं आणि ज्युडिथच्या बोटांत दिलं. ओढ म्हणाली. ज्युडिथला कळेना, तेव्हा तिने पुन्हा सांगितलं. ज्युडिथने ओढलं. सर्र असा आवाज झाला आणि साखळी धावत सुटली, कंबरेवरून पाठीला, पाठीवरून खांद्याला. एकेक निरी उलगडली. लाल रेशीम टेबलावरून ओसंडून खाली आलं, संपतच नव्हतं. ज्युडिथने त्याचं एक टोक धरलं आणि हातावर हात टाकत ती ते पुढे पुढे ओढत गेली, कुठेतरी कापलेली कड लागेल म्हणून. दुसरं टोक हाताशी आलं तरी ती कड लागली नाही.

"तिला माहीत होतं?"

"पहिल्यापासून. बटण तिला दाखवलं होतं मी."

मग ज्युडिथ रडली. लुगडं छातीशी धरून, लहान पोरीसारखी, मोठ्याने. गिरणीचा पट्टा चालू होता, पीठ उडत होतं, आणि वनमालाने ते झटकलं नाही.

दुपारी कोलेकल्याणला बायकांनी आपोलिनआजीला आंघोळ घातली आणि निऱ्या घालायला वनमालाला पुढे केलं. तिने कधी नव्हत्या इतक्या सावकाश त्या घातल्या. पायांत पांढरे मोजे, हातात जपमाळ, अंगावर लग्नातलं लुगडं. आजी जशी आली होती तशीच निघाली होती. पदर तिने डोक्यावरून घेऊन खांद्यावर आणला, तेव्हा त्याचा कोपरा उलटून वर आला. दोन बोटं शेजारी शेजारी, एक विटलेलं, एक अजून पिवळंधमक. वनमाला तो आत खोचायला वाकली, मग तिने तसाच राहू दिला.

फादर आले, पवित्र पाणी शिंपडताना त्यांची नजर त्या कोपऱ्यावर थांबली. त्यांनी काही विचारलं नाही. वनमालानेही काही सांगितलं नाही.